मुठीची ज्वारी

जानकीबाईच्या जिभेला वाडीत दोघंच भीत नव्हती. एक पाऊस आणि दुसरी तिची सून शिवकन्या. पावसाचं सोडा, आष्टी तालुक्यात तो कधी कुणाचं ऐकून पडलेला नाही. पण सुनेनं भिऊ नये म्हणजे काय? बरं, उलटून बोलते म्हणावं तर तेही नाही. जानकीबाईनं सकाळी दारात उभं राहून तिच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा आणि हिनं खाली मान घालून परातीत पीठ घ्यावं. तेवढंच असतं तर जानकीबाईनं चालवून घेतलं असतं. पण पिठाला हात लावायच्या आधी ती जे करी, ते बघून म्हातारीच्या अंगाची लाही व्हायची.

कोपऱ्यात ज्वारीचं पोतं होतं. शिवकन्या त्यात हात घालून मूठभर ज्वारी काढायची, चुलीमागच्या फळीवरच्या तेलाच्या जुन्या डब्यात सोडायची, डोळे मिटून ओठ हलवायची आणि झाकण घट्ट बसवायची. रोज. सणवार नाही, नागा नाही. आष्टीला ती ज्या मंडळीत प्रार्थनेला जाई, तिथल्या सगळ्या बायका अशी मूठ काढत. वर्षाकाठी हंगामाचा सण आला की डबे डोक्यावर घेऊन जायचं आणि प्रार्थनाघरात ओतायचं. उपकारस्तुती म्हणे. म्हणजे देवाचे आभार.

"कशाचे गं आभार मानायलीस?" जानकीबाईनं एकदा विचारलंच. "पोराची कंबर मोडली ह्याचे? का पाठीला भोकं पडली ह्याचे?"

"आज जखमेतून पू आला न्हाई, आत्याबाई," शिवकन्या म्हणाली. "काल आलता."

जानकीबाई बाहेर जाऊन शेळीवर ओरडली.

पोर म्हणजे सत्यम. फेब्रुवारीत उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवर चढत होता. दवानं फळी ओली झाली होती. पाय सटकला, तो पाठीवर पडला आणि वरून मोळी आली. कमरेखालचं सगळं गेलं. नगरच्या दवाखान्यात दोन महिने काढून एप्रिलात त्याला घरी आणला, तो पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी पलंगावर. त्याच दवाखान्यात शेजारच्या खाटेपाशी बसणाऱ्या एका म्हातारीनं शिवकन्येला अर्धी भाकरी आणि येशू, दोन्ही दिलं. भाकरी संपली. येशू घरापर्यंत आला.

ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोन माणसं, नवरा आणि बायको. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. जानकीबाई आणि तिचा त्रिंबक वीस वर्षं एक कोयता होते. त्रिंबक वारला तसा तो कोयता मोडला. आता पोराचाही मोडला. पण फडात दोन माणसं लागतात तशी या पलंगापाशीही लागत, हे जानकीबाईला नवीनच कळलं होतं. दर दोन तासांनी सत्यमची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीचं मांस सडतं असं डॉक्टरनं बजावलं होतं. त्याच्या अंगाखाली दुहेरी चादर होती. एका बाजूनं सून धरी, एका बाजूनं सासू.

"घ्या, आत्याबाई."

"घेतलं. वढ."

चादर ताठ व्हायची आणि सत्यमचं जड धड कुशीवर वळायचं. पाय मागं राहायचे, ते परक्या सामानासारखे उचलून ठेवावे लागायचे. मग शिवकन्या मिठाच्या कोमट पाण्यानं जखमा पुसायची. माकडहाडावरची जखम बचकेएवढी होती. जानकीबाई त्या वेळी भिंतीकडं बघायची. आपल्या पोटचं पोर, पण बघवत नव्हतं तिला.

सत्यम तर बोलणंच विसरला होता. बोलला तर एकच.

"इख आणून दे एकदा. मग मी बी आभार मानतो तुज्या देवाचे."

ताटातली भाकरी तो बोटानं ढकलून द्यायचा. तीन महिन्यांत त्यानं आपणहून घास मागितला नव्हता. चमचा तोंडाशी नेला तर कधी गिळायचा, कधी थुंकायचा. छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात.

सकाळी आठला शिवकन्या लोकांच्या सोयाबीनमध्ये खुरपायला जायची ती दुपारी बाराला यायची. मधली एक कूस शेजारच्या बबिताला हाक मारून बदलावी लागे. बबिता चादर धरताना तोंडही चालवायची.

"जानकाक्का, पोरगी सव्वीस वर्षाची हाय तुमची सून. पोटी लेकरू न्हाई. असं कुठवर ऱ्हाईल?"

"तुला काय करायचंय? तू चादर धर."

"मी आपलं बोलले. माज्या मावसबहिणीची सून तर म्हैना बी थांबली न्हाई."

बबिताला उत्तर दिलं, पण मनाला काय द्यायचं? पाखरू उडणार, यात जानकीबाईला तिळमात्र शंका नव्हती. आज ना उद्या ही जाणार आणि आपण या पलंगापाशी एकट्या उरणार. एकटीला चादर ओढता येत नाही. तिनं एकदा करून पाहिलं होतं. सत्यम अर्धा वळला आणि परत धपकन पाठीवर पडला, जखमेवरच. तो ओरडला नाही, नुसता आईकडं बघत राहिला. त्या दिवसापासून जानकीबाईच्या पोटात भीती बसली होती, आणि ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. भीती सांगायची म्हणजे सुनेला मोठं करायचं. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

पोत्यातली ज्वारी सुनेच्या खुरपणीवर आलेली होती. ती गेली की पोतंही गेलं. म्हणून जूनपासून जानकीबाईनं एक उद्योग मांडला. सून रानात गेली, पोराचा डोळा लागला, की चुलीमागचा डबा उघडायचा, त्यातली एक मूठ काढायची आणि झाकण होतं तसं लावायचं. सगळी काढायची नाही. सगळी काढणारा चोर आणि अर्धी काढणारा शहाणा, असा तिचा हिशेब. जुन्या लुगड्याच्या फडक्यात लिंबाचा पाला घालून तिनं ते गठुडं आढ्याच्या लाकडाला, पत्र्याच्या अगदी खाली टांगलं होतं. वर चढायला तेव्हा पलंगाच्या लोखंडी कडेवर पाय द्यावा लागे आणि गुडघे कुरकुरत. पण देवाच्या डब्यात हात घालताना तिला कधी पाप वाटलं नाही. देवाला म्हणजे कुणाला? त्या मोटारवाल्याला!

मोटारवाला म्हणजे आष्टीच्या मंडळीचा पास्टर रविराज. त्याचं पाण्याच्या पंपाच्या जळक्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. आठवडाभर तांब्याची तार गुंडाळायची आणि रविवारी माणसं, असं जानकीबाई म्हणायची.

श्रावणातल्या एका रविवारी ही मंडळी घरी आली. सात-आठ बायका, एक ढोलकी, एक खंजिरी, पास्टर आणि मोहनराव नावाचे एक पेन्शनर. घरात एकच प्लास्टिकची खुर्ची. ती मोहनरावांनी आल्या आल्या पाहून ठेवली आणि बसूनही घेतली. गाणं झालं. पलंगावरचा माणूस भिंतीकडं तोंड करून होता, तरी गाणं चारी कडव्यांचं झालं. मग मोहनराव बोलायला लागले. संकट ही देवाची शाळा आहे. सोनं भट्टीतच उजळतं. दुःखातसुद्धा आभार मानणाऱ्याला देव विसरत नाही. बोलता बोलता त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला आणि भुरका मारून म्हणाले,

"माउली, तुम्हीसुद्धा आज एक तरी आभार माना. मन हलकं होतं बघा."

जानकीबाई उंबऱ्यात बसली होती. ती उठली.

"मानते की. तुमाला बसाया खुर्ची घावली ह्याचे आभार. तुमचे पाय चालत्यात, म्हणून तुमच्या तोंडाला आभार सुचत्यात. दोन दिस ह्या पलंगावर पडा, मंग चहा कसा ग्वाड लागतो ते सांगा. आन साखर आमची हाय, तिचे बी आभार माना जाता जाता!"

खंजिरीवाली बाई खाली बघायला लागली. मोहनरावांचा चहा नाकात गेला. शिवकन्या मात्र कपबशा गोळा करत होती, जशी काही रोजचीच गोष्ट. सासूला वाटलं, आता तरी चिडेल. पण नाही. नुसतं म्हणाली, "आत्याबाई, कूस बदलायची येळ झाली."

तेव्हा तो मोटारवाला पुढं झाला. इतका वेळ तो दाराशी उभा होता.

"चादर कुठून धरायची, माय?" त्यानं जानकीबाईला विचारलं.

तिनं तोंड फिरवलं. त्यानंच शिवकन्येचं बघून चादर धरली, ओढली, सत्यमला कुशीवर घेतलं. मग बाहीची घडी घालून तो जखम धुवायला बसला. खोलीत वास सुटला. मोहनरावांनी रुमाल नाकाला लावला आणि ते आकाश बघायला बाहेर गेले. रविराजच्या बोटांच्या पेरांत तारेचे काळे चरे होते. त्यानं जखमेची कड न कड पुसली, नाक मुरडलं नाही, की देवाचं नाव घेतलं नाही. एवढं जानकीबाईनं पाहिलं आणि तिला मोहनरावांपेक्षा याचाच जास्त राग आला. ढोंगी माणसाला शिव्या देता येतात. याला काय द्यायचं?

दुसऱ्या दिवशी तिनं डब्यातली मूठ जरा मोठी काढली.

भादवा लागता लागता शिवकन्येचा भाऊ बद्रीनाथ आला. परळीला तो वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या टिप्परवर होता. कडक शर्ट, मोटारसायकल, हातात डझनभर केळी. केळी त्यानं सत्यमच्या उशाशी ठेवली आणि त्याच्याकडं न बघता "बरं हाय ना?" विचारलं. सत्यम म्हणाला, "लई बरं हाय. सकाळी पळून आलो दोन मैल." बद्रीनाथ तसाच बाहेर आला आणि बहिणीला घेऊन लिंबाखाली उभा राहिला. जानकीबाई पत्र्याच्या आड शेळीला पाला घालत होती. पाला कधीच संपला होता, तरी घालत होती.

"आय रोज रडायलीय," बद्रीनाथ म्हणत होता. "तुजं वय काय, तू करायलीस काय? आन हे येशूचं कावून लावून घेतलंस? लोक हसायलेत."

"हसू दे."

"दसऱ्याला गाडी घिऊन येतो. कपडे बांधून ठिव. कुणी आडवलं तर मी हाय."

शिवकन्येनं लिंबाच्या खोडाची साल नखानं खरवडली.

"बघते, दादा," ती म्हणाली.

बघते! जानकीबाईनं हातातली काठी शेळीच्या पाठीत घातली. शेळीचा काय गुन्हा, ते तिलाच ठाऊक. 'न्हाई' म्हणायला दोन अक्षरं लागतात आणि या बयेच्या तोंडातून ती निघाली नाहीत. आभार मानायला तोंड आहे, प्रार्थना म्हणायला तोंड आहे, नवऱ्यापाशी राहते म्हणायला मात्र जीभ टाळ्याला चिकटली. त्या दिवसापासून म्हातारी डब्यातून दोन मुठी काढायला लागली. डबा तेवढ्यानंही तळाला जाईना, याचं नवल करायला तिला सवड नव्हती.

आणखी एक गोष्ट तिच्या नजरेला आली होती. सून पूर्वी दोन भाकरी खायची, आता एकच खाते. गळ्याची हाडं वर आली होती. चोळीच्या बाह्या ढिल्या पडल्या होत्या.

"उपास धरलास का गं येशूचा?" जानकीबाईनं खवचटपणे विचारलं.

"भूक न्हाई, आत्याबाई."

न्हाईच असायची. मन माहेरी गेलं की घास कसा उतरेल? जानकीबाई मनात म्हणाली, जा बये, जा. आमी मायलेक काय तुज्या जिवावर जन्माला आलो न्हाई. आणि गुपचूप वर आढ्याकडं बघून घेतलं.

मग पाऊस आला. आवंदा त्यानं ताळच सोडला होता, पण नवरात्र बसता बसता जे सुरू झालं त्याला पाऊस म्हणवेना. तीन दिवस पत्र्यावर नुसता धडधडाट. एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागे. सोयाबीन शेंगेतच उगवलं. कापूस बोंडात काळा पडला. चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला बबिता ओढ्याकडून पळत आली, पदर डोक्यावर, पाय चिखलानं माखलेले.

"जानकाक्का, पाणी पुलावरून चाललंय! नदी माघारी फिरलीया वढ्यात!"

तिचं बोलणं संपायच्या आत उंबऱ्याला पाणी लागलं. आधी गढूळ फेस आला, मग काटक्या, मग कुणाची तरी चप्पल. बबिता शाळेकडं पळाली. शाळा उंचावर होती, सगळी वाडी तिकडंच निघाली होती. पण सत्यमला घेऊन पळणार कसं? शिवकन्येनं दारातून दोन हाका मारल्या. ज्याला त्याला आपापलं होतं, कुणी थांबलं नाही.

"जा तुमी दोघी," सत्यम पलंगावरून म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. "माजं आपोआप हुईल. लई दिस वाट बघतोय."

"तुजं थोबाड बंद कर!" जानकीबाई किंचाळली. मग सुनेकडं वळली. "इटा!"

घरामागं विटांचा ढीग होता. दोन वर्षांपूर्वी शौचालयासाठी टाकलेल्या, शौचालय कागदावर बांधून झालं होतं. शिवकन्या कमरेला पदर खोचून धावली. चार चार विटा कडेवर घेऊन आत आणायला लागली. जानकीबाईनं पलंगाचं डोक्याकडचं टोक खांद्यावर घेतलं. साठी ओलांडलेली बाई, पण वीस वर्षं मोळ्या वाहिलेली मान अजून मोडली नव्हती. तिनं उचललं, शिवकन्येनं पायांखाली विटा सरकवल्या. मग पायांकडचं टोक. पुन्हा डोक्याकडचं. पाणी घोट्याला होतं ते पोटरीला आलं, मग गुडघ्याला.

"घ्या, आत्याबाई!"

"घेतलं! सरकव!"

तीन तीन विटांवर पलंग चढला. शिवकन्येनं गॅसची टाकी उचलून सत्यमच्या पायाशी ठेवली, काडेपेटी त्याच्या उशाखाली कोंबली. शेळीला आधीच सोडलं होतं, ती कधीच वर पळाली होती. मग दोघी त्याच्या दोन बाजूंना पलंगावर चढून बसल्या. डोळ्यांदेखत ज्वारीचं पोतं भिजलं, फुगलं आणि कलंडलं. पिठाचा डबा उपडा झाला. चुलीमागची फळी सुटली आणि मुठीचा डबा पाण्यावर डुलत डुलत दाराबाहेर गेला.

जानकीबाईला संधी सोडवली नाही.

"चालला तुज्या येशूचा डबा. आता मान आभार!"

शिवकन्येचे ओठ निळे पडले होते. तिनं एक हात सत्यमच्या छातीवर ठेवला होता. "तिघं हाव," ती म्हणाली. "पाण्यात तिघं बी हाव. त्याचे मानले."

सत्यमनं पहिल्यांदाच तिच्याकडं मान वळवून बघितलं.

रात्रभर दोघी अशाच बसून होत्या. दोनदा बसल्या बसल्याच चादर ओढून त्याची कूस बदलली. उजाडलं तेव्हा पाऊस थांबला होता आणि पाणी उंबऱ्याबाहेर उतरलं होतं. घरात घोटाभर चिखल आणि मेलेल्या उंदरांचा वास. शाळेवरून बबिता ओरडून सांगत होती की पूल गेला, गिरणीत पाणी शिरलं, सरकारी मदत निघाली आहे. मदत निघते फार लवकर. दुपारपर्यंत एक बोट आली, तिच्यात पांढऱ्या कपड्यांचा एक पुढारी आणि दोन फोटोवाले होते. पुढाऱ्यानं लांबूनच हात जोडले आणि बोट वळली. जानकीबाईनं त्यांच्या दिशेनं थुंकून घेतलं.

कालपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. पोत्यातली ज्वारी आंबून वास मारत होती. जानकीबाईची नजर सारखी वर जात होती. गठुडं जागच्या जागी होतं, कोरडंठाक. पण ते खाली काढायचं म्हणजे आपणच आपल्या हातानं चोरी सुनेपुढं ठेवायची. दसऱ्याला जाणाऱ्या बाईला कारण मिळेल. 'सासू चोर निघाली' असं माहेरी सांगेल. दसरा तर दारात आला होता. राहू दे, जानकीबाई स्वतःला म्हणाली, एक दिवस उपाशी राहून कुणी मरत नाही. आमच्या हयातीत काय कमी उपास घडले?

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"माय."

"काय रं?"

"भूक लागलीया."

जानकीबाईला आधी वाटलं, आपल्याला भास झाला. शिवकन्या चिखल उपसत होती, तिच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं.

"काय म्हणलास?"

"भूक लागलीया म्हणलं. पोटात आग पडलीया नुसती. भाकरी दे काय तरी." सत्यम वैतागून म्हणाला. वैतागला होता! सात महिन्यांत त्याला कशाचा वैतागसुद्धा आला नव्हता.

चोरी गेली खड्ड्यात, लाज गेली खड्ड्यात. म्हातारीनं सुनेकडं न बघता वर बोट केलं.

"आढ्याला गठुडं हाय. माज्यानं आज वर चढवायचं न्हाई. काढ."

शिवकन्या पलंगाच्या कडेवर चढली. गठुडं सोडवून तिनं छातीशी धरलं, खाली उतरली आणि पलंगावरच गाठ सोडली. लिंबाच्या सुकल्या पाल्यात पांढरीशुभ्र ज्वारी. चांगली पायलीभर.

"हे कुठनं आलं?" सत्यमनं विचारलं.

बाहेर पत्र्यावरून थेंब गळत होते.

"चोरलंय," जानकीबाई म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम चढवला. "तुज्या बायकूच्या डब्यातनं. जूनपासनं चोरायलेय. ही दसऱ्याला जाणार, मंग तुज्या मुखात काय घालू? माती? म्हणून चोरलं. जा, सांग तुज्या भावाला, सांग त्या मोटारवाल्याला!"

शिवकन्येनं ज्वारीतला पाला हलक्या हातानं बाजूला केला.

"चोरलं न्हाई, आत्याबाई. मीच ठिवीत होते."

"काय?"

"डबा म्हैन्यात कडोकाठ व्हायला पायजे होता. अर्धाच ऱ्हायचा. आधी वाटलं, उंदीर असंल. पर उंदीर खाऊन झाकण लावून जात न्हाई." ती किंचित हसली. "मंग एकदा तुमाला गठुडं टांगताना बघितलं. तवापासनं मी दोन मुठी घालाया लागले. एक देवाची. एक तुमच्या भ्यावाची. दादा येऊन गेल्यावर तुमचं भ्याव वाढलं, तशी तिसरी घातली."

जानकीबाईच्या डोळ्यांपुढून ती एक भाकरी गेली. वर आलेली गळ्याची हाडं गेली, ढिल्या बाह्या गेल्या. 'भूक न्हाई, आत्याबाई.' आपण आढ्याला काय टांगलं होतं, ते तिला आत्ता कळलं. रोज सकाळी आपण त्या पोरीच्या ताटातली भाकरी चोरत होतो आणि वर तिलाच टोमणे मारत होतो. लाजेनं ती उरलेल्या विटांवर बसली.

"आन दसरा?" तिनं कसंबसं विचारलं.

"दादाला फोन करून कवाच सांगितलं, येऊ नगं म्हणून. त्याच्या तोंडावर न्हाई म्हणले असते तर त्यानं हितं तमाशा केला असता. ह्यांच्याम्होरं."

"मंग मला कावून सांगितलं न्हाईस, भवाने?"

"तुमी इचारलं न्हाई."

पलंगावरून खर्रखर्र आवाज आला. दोघींनी दचकून बघितलं. सत्यम हसत होता. गंजलेल्या बिजागरीगत हसणं होतं, मधेच खोकला येत होता, पण हसत होता. "माय," तो म्हणाला, "तू देवाच्या डब्यात हात घातलास, आन देवानं तुलाच राखणदार केलं बघ."

"तू गप बस. मरायला निघालता काल," जानकीबाई म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं.

गिरणी बंद होती, म्हणून दोघींनी कोपऱ्यातलं दगडी जातं धुऊन पुसून घेतलं. लग्नातल्या हळदीपुरतंच उरलेलं जातं, पुरातही जागचं हललं नव्हतं. खाली पोतं अंथरून दोघी समोरासमोर बसल्या. शिवकन्येचा हात सवयीनं ज्वारीकडं गेला आणि अडकला. मूठ काढायची तर डबा कुठं होता?

जानकीबाईनं ते बघितलं. चिखलातून एक वाटी शोधून तिनं लुगड्याला पुसली आणि स्वतःच्या हातानं एक मूठ भरून त्यात घातली.

"ही तुज्या येशूची. मला काय त्याचं कळत न्हाई. घिऊ दे त्याला."

मग तिनं दुसरी मूठ भरली. ती वाटीत घातली नाही. जात्याच्या तोंडात सोडली.

"आन ही तुजी. आज दोन भाकरी खायच्या, माज्याम्होरं बसून. एक जरी कमी खाल्लीस तर टांगडी मोडून ठिवीन."

शिवकन्येचे डोळे भरून आले. तिनं ते मिटले, ओठ हलायला लागले.

"आता आभार मानत बसू नगं," जानकीबाईनं खुंटा धरला. "वढ जातं. पोराला भूक लागलीया."